अर्धा पेला

पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री
काळ्या मनुका भिजत घालते.
भायखळ्याच्या बाजारातले गफूरभाई आता काही विचारत नाहीत,
पावशेर मोजतात, वर एक चिमूट टाकतात.
"ही तुमच्या देवाला," म्हणतात.
पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं.
तेव्हा मनुका उकळते, मलमलीतून रस गाळते
आणि पेले पुसायला घेते,
बोटाच्या पेराएवढे, काचेचे, चौऱ्याऐंशी.
सासूबाईंनी हे काम माझ्याकडे दिलं तेव्हा
नव्वद होते.
सहा कुणाकुणाच्या हातून फुटले, सांगू शकते.
बापा, तुला ठाऊक आहे,
मी हिशेबाची बाई.

शमुवेल रणपिसे परत आला तो फेब्रुवारीत.
बावीस वर्षांपूर्वी कापणीच्या सणाचं अर्पण
पिशवीसकट घेऊन गेलेला.
लिलावात माझ्या लोणच्याच्या बरणीला
दोनशे दहा आले होते त्या वर्षी.
तेही त्यातच गेले.
तो मागे बसला, खांबाआड,
जिथे पंख्याचं वारं पोचत नाही.
पाळकसाहेब झगा सावरत पायऱ्या उतरले,
सगळी मंडळी ओलांडून गेले
आणि त्याला मिठी मारली.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी मनात म्हटलं,
मला नाही कधी कुणी अशी मिठी मारली.
एकतीस वर्षांत मी कुठे गेलेच नाही, म्हणून?
परत यायला आधी जावं लागतं,
आणि माझं पाणी साडेचारला असतं.

तो कठड्यापाशी येऊन गुडघ्यावर बसला.
त्यानं दारू सोडली होती,
दारूनं त्याचे हात सोडले नव्हते.
पेला ओठांपर्यंत जाईतो निम्मा सांडला,
मी कांजी करून इस्त्री केलेल्या
पांढऱ्या कापडावर.
तो बाहीनं पुसत राहिला, पुसत राहिला,
जशी काही पुन्हा चोरीच झाली हातून.

सोमवारी लिंबू चोळलं, मीठ चोळलं.
डाग फिकटला, गेला नाही.
चोळता चोळता त्याला शिव्या घातल्या,
तुझ्या देखत घातल्या,
तूही ऐकून घेतल्यास.
मग का कोण जाणे, एस्तेर आठवली.
ती गेली त्या वर्षी मी तुझ्याशी बोलले नव्हते.
नऊ महिने.
पेले धुतले, भरले, तबकात मांडले,
आणि तबक माझ्यापुढे आलं
की ओठ मिटून पुढे सरकवलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी मागच्या बाकावर नव्हते ना,
रोजच्याच जागी होते.
इतक्या लांब गेले होते मी, बापा,
आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस.
पाणी साडेचारला येत राहिलं.

पुढच्या महिन्यात
तबकाच्या उजव्या कडेचा एक पेला
मी अर्धाच भरला.
देवदान मास्तरांची नजर बारीक.
"एक कमी भरलाय, राहेलबाई."
"मोजूनच भरलाय," म्हटलं,
"तो कुणाला द्यायचा ते सांगते."
कापडावर त्या दिवशी थेंब नाही.
शमुवेलला कळलं की नाही, कोण जाणे.
मीच डोळे मिटायला विसरले होते.

नंतर घरी भात टाकताना मनात आलं,
माझाही असाच भरत असशील तू,
माझ्या हातांकडे बघून,
आणि मी मात्र वर्षानुवर्षं
कमीच मिळालं म्हणून मोजत बसले.

हल्ली तो शनिवारी चाळीत येतो.
चहा घेतो, दाराशी पाट ओढून बसतो,
पेले पुसायला मागतो.
माझगावच्या गोदीचा भोंगा झाला की दचकतो,
तुरुंगातली सवय, म्हणतो.
मी म्हणते, फडकं कोरडं घे रे, काचेला धागे चिकटतात.
तो दुसरं फडकं घेतो.

आता त्र्याऐंशी आहेत.
कुणाच्या हातून, ते विचारू नकोस.