दुसऱ्या बाजूचा शेवट

बँडचं नाव वाचता येत नाही, हीच त्यांची सही:
बोराटीचं झुडूप काळ्या शाईत बुडवून
कागदावर दाबल्यासारखी अक्षरं.
मला वाचता येतं. सात अल्बम आहेत माझ्याकडे,
सगळे नंतरचे.
ऑर्केस्ट्रा, चर्चचा घुमारा, महागडा अंधार.

ही टेप त्या सगळ्यांच्या आधीची.
ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवरच्या चॅरिटी दुकानात,
ख्रिसमसच्या गाण्यांच्या खोक्यात, तळाशी.
निळ्या बॉलपेननं काढलेलं तेच झुडूप,
एक काटा खोडून पुन्हा काढलेला.
डोरीनबाई म्हणाल्या, 'पन्नास पेनी. वाजली नाही
तर परत आणू नकोस.'

रात्रपाळीत ऐकली.
कोल्ड स्टोअरच्या दाराशी, वजा बावीस,
कॉडच्या खोक्यांवर ट्रोम्सोचे शिक्के,
कानटोपीच्या आत हेडफोन.
आधी वाटलं, टेप सादळलीय.
नुसती खरखर.
मग त्या खरखरीच्या आत कुणीतरी धावायला लागलं.
ड्रम नव्हेतच ते, पत्र्यावरच्या गारा,
आणि ओरडणारा पोरगा, सोळाचा असेल, फार तर सतरा,
त्याच्या घशाला अजून ओरडायचं कसं ते माहीत नाही.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता.
बार्शीत, दाणे गल्लीत, बाबांची पिठाची गिरणी:
पट्टा सुरू झाला की भिंत, मी, पाटीवरचं गणित
सगळं एकाच सुरात थरथरायचं.
त्यात मी झोपायचो.
वीज गेली की दचकून उठायचो.
बाबांचा डावा कान गेला त्यात.
ज्वारी ओतता ओतता ते काहीतरी म्हणायचे,
गिऱ्हाइकाला की मला, कधी कळलं नाही;
ओठ दिसायचे, पिठानं पांढऱ्या भुवया दिसायच्या.

दुसऱ्या बाजूला शेवटच्या गाण्याला शेवटच नाही.
गिटार अडखळते, कुणीतरी फिसकन हसतं,
आणि वरून, जिन्याच्या तोंडाशी उभी असावी,
एक बाई काहीतरी म्हणते. तीन शब्द.
अकरा वेळा टेप मागे नेली.
वाटलं, मंत्र असेल, शाप असेल,
त्या काटेरी नावाला साजेसं काही.

सकाळी माल तपासायला राग्नहिल्ड आली.
केसांच्या जाळीवरूनच तिनं हेडफोन कानाला लावला.
डोळे मिटले. लगेच हसली नाही.
'बटाटे गार होताहेत,' म्हणाली.
'म्हणजे?'
'म्हणजे बटाटे गार होताहेत. आई आहे कुणाची तरी.
बर्गेनकडची. हेल तिकडचा आहे.'
मग माशाच्या पोटात थर्मामीटर खुपसून
आकडा लिहायला लागली.

सात अल्बममध्ये ही बाई कुठेच नाही.
तिथली शांततासुद्धा धुऊन घेतलेली.

घरी आल्यावर बाबांना फोन लावला.
उजव्या कानाला धरा, म्हटलं,
आणि टेप लावली.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, 'दगडाला टाकी लावायला झालीय रे,
बोथट फिरतोय.
कुणाची गिरणी?'

पोरांची आहे, म्हटलं.
नवीनच टाकलीय.