बोअरहोल सात

तेवीस मीटर चाळीसला ड्रिलचा आवाज बदलला.
बस्त्याव रुमाव कानानेच दगड ओळखतो.
बसाल्ट दात खातो, म्हणतो तो, आणि हा
भिजल्या पापडासारखा गप्प.
वरळीच्या टेकडीमागे, पत्र्याच्या कुंपणाआड,
जिथे त्रेसष्ट मजले उभे राहायचे आहेत.

नळीतून कोअर निघाला:
आधी हातभर काळा कातळ, एकसंध,
मग वीतभर मऊ, कोळपट काहीतरी,
खारीचे पदर सुटावेत तसं सुटणारं.
चाकूच्या टोकाने मी एक पदर उचलला.
आत बेडूक.

बोटाच्या पेराहून लहान.
मांडीची दोन हाडं, मुडपलेली,
उडी मारायची राहून गेल्यासारखी.
"आमच्या वसईच्या विहिरीतला वाटतो," बस्त्याव म्हणाला,
आणि त्याने हेल्मेट काढलं.
का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

डबा खाताना त्याने विचारलं, हा इथे आला कसा?
आला नाही, काका. इथलाच.
तेव्हा हा समुद्र नव्हता,
मुंबई म्हणायला कुणाचं तोंड नव्हतं.
लाव्हा आला, पसरला, निवला.
मग बराच काळ काहीच आलं नाही.
निवल्या दगडाच्या खळग्यात पाणी साचलं,
पाण्याला शेवाळ, शेवाळाला किडे, किड्यांना हा.
मेला कशाने, ठाऊक नाही,
पण बऱ्या जागी मेला:
तळाचा गाळ पिठीसारखा,
आणि खालचं पाणी इतकं कोंदट
की हाडं विस्कटायला किडाही उतरत नव्हता.
गाळ बसत राहिला,
नखाइतका, आणखी नखाइतका.
हाडातलं हाड झिरपून गेलं, खनिज भरत आलं,
ठेवण तेवढी राहिली.
मग पुन्हा लाव्हा, तळ्यावर झाकण.
शंभरातल्या नव्याण्णव बेडकांना –
लाखातल्या, काका, लाखातल्या –
एवढी नीट माती मिळत नाही.

"साडेसहा कोटी वर्षं," तो पुटपुटत राहिला,
मजुरीच्या नोटा दोनदा मोजाव्यात तसा,
आणि डब्यातला बोंबलाचा तुकडा माझ्याकडे सरकवला.
"मग घरी ने की. टेबलावर शोभेल."

घरी नेला तर तो नुसता बेडूक.
इथे तो तेवीस मीटर चाळीसचा,
वर कुठला थर, खाली कुठला,
शेजारी कुठलं बी, कुठल्या पानाची शीर –
पाकीट फेकलं तर पत्र कुठून आलं
ते कसं कळणार?
मी दगडावर खडूने बाण काढला: वर.
पेटीवर लिहिलं: बो. हो. ७, खोली, तारीख.

दस्तूर साहेबांनी रिपोर्टात
'बेडूक' शब्दाखाली पेन्सिल ओढली.
"क्लायंटला काय सांगू? हे काढ.
लिही, कमकुवत थर, जाडी अठरा सेंटिमीटर,
पाइल त्याच्या खाली न्यावेत."
खोटं नाही ते.
थर कमकुवतच आहे, बोटाने चुरा होतो,
त्याच्यावर साधं शौचालय उभं राहणार नाही.

कोअरच्या पेट्या वर्षभर सांभाळायच्या, असा करार.
मग डंपर. पुढचं कुणी विचारत नाही.
रात्री मी हिशेब केला:
एकशे बारा पाइल, एकेक मीटर व्यासाचे,
सगळे या थरातून आरपार.
अठ्ठ्याऐंशी चौरस मीटर तळं.
माझ्या खोलीच्या चौपट.

शेवटी परिशिष्टात, पान एकेचाळीस, बारीक अक्षरात लिहिलं:
जीवाश्म, उभयचर. नमुना व थराचा भाग
संग्रहालयाकडे सोपवावा.
साहेबांनी पान उलटलं.
परत मागे आले. चष्मा पुसला.
सही केली, आणि चहा मागवला.

सोमवारी बोअरहोल आठ.
बावीस मीटरला बस्त्यावने मशीन हळू केलं.
कुणी सांगितलं नव्हतं.