डावी खिडकी, पावणेदोन फूट

सावंगीच्या जिनिंगमागे अकरा वर्षं उभी होती ती घरगाडी.
गावात कोणालाही विचारा, "जर्मनची हाय थे."
जर्मन कोणी पाहिलं नव्हतं.
पण आत पलंग, पलंगाखाली पेट्या,
भांडी धुवायला ताटाएवढं बेसिन,
आणि असलं काही आपल्याकडं होत नाही
एवढं सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

भंगाराच्या भावात घेतली मी.
आरटीओच्या फॉर्मात एक रकाना, दोन बोटं रुंद:
निर्मितीचं ठिकाण.

मग खरवडत बसलो.
निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली शेंदरी,
त्याखाली कुठल्याशा नेत्रशिबिराचं अर्धंच 'मोफ'.
चेसिसची पट्टी रॉकेलनं पुसली,
एक आकडा गंजानं खाल्लेला, तीन की आठ,
दोन्ही लिहून कंपनीला पत्र धाडलं.
उत्तर आलं चार महिन्यांनी:
आम्ही सांगाडा आणि इंजिन देत असू,
वरचं घर कोणी बांधलं, नोंद नाही.

नागपुरात बॉडीवाल्यांच्या गल्लीत फोटो घेऊन फिरलो.
अन्वर मिस्त्रीनं चष्मा कपाळावर चढवला.
"रिबिट आमचे नाहीत. लाकूड पाहून घ्या."

लाकूड सागवान.
पलंगामागची फळी उचकटली त्या दुपारी,
तर सुताराची पेन्सिल, कालच ओढल्यासारखी:
डावी खिडकी. पावणेदोन फूट.
आणि खाली, बारीक,
इकडून वारा येते.

येतो नाही, येते.
एक काना गळाला
आणि जर्मनी तिथंच संपली,
गाडी वर्धा नदीच्या अलीकडं आली.

देवळीत शालिक बुरांडे भेटले, वाढयाचे पोरगे,
आता सत्तरीचे.
फळीवरून अंगठा फिरवत राहिले.
"पटाशी माह्या बाबाची. अक्षर नाई.
त्याले कुठं लिहिता येत होतं, अंगठा लावे थो."
चहा आला, निवला.
"टेप आई धरे. थेच मापं लिहे.
चौथी शिकेल होती."
नाव विचारलं. पुंजाबाई.
मग त्यांनी फळी परत दिली,
आणि परत मागून घेतली, जरा वेळ.

रकाना अजून कोराच आहे.
पुंजाबाई मावेल त्यात, देवळीही मावेल,
पण खिडकीवरचा बाबू विचारणार, कारखाना कोणता?

काल गाडीतच झोपलो. टायर नाहीत, विटांवर उभी.
मे महिना. डावी खिडकी उघडली.
बराच वेळ काहीच नाही.
मग जुन्या सरकीचा वास,
आणि त्याच्या मागून, हळू,
येते.