ना-हरकत

इंदरगंजात, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
रामनिवास टाइपिस्ट बसतो.
धुक्यामुळे शाळांना सुट्टी, म्हणून जुईही आली आहे,
कानटोपीत, हातात गजकची पुडी.
स्टॅम्पपेपर मी कालच घेतला होता,
त्यावर भुसारीचं भूसरी झालं, म्हणून आज दुसरा.

"क्या बनवाना है, भाईसाहब?"
मुलीला आईबरोबर डब्लिनला जायचंय, मी म्हणालो,
मी जात नाहीये.
"तो अनापत्ति," म्हणाला, आणि रोलरमध्ये कागद चढवला.

अनापत्ति.
तीन पिढ्या ग्वाल्हेरात काढून
अजून हा शब्द मी मराठीतच ऐकतो :
आपत्ती नाही. पूर नाही, भूकंप नाही,
कुणी वाहून गेलेलं नाही.
फक्त तिकिटं काढली आहेत, दिल्लीहून दोहा, दोह्याहून पुढे,
आणि खिडकीची जागा जुईची.

आमच्याकडे म्हणतात, हरकत नाही.
आयुष्यभर म्हणत आलो.
चहात साखर कमी, हरकत नाही.
साडेआठची गाडी साडेदहाला आली, हरकत नाही.
स्वप्ना म्हणाली, थोडे दिवस वेगळी राहून बघते,
तेव्हाही तोंडातून तेच गेलं
कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता.
ते कुणी टाइप केलं नव्हतं.

बाप का नाम. माँ का पासपोर्ट नंबर.
वहाँ रहेगी कहाँ. खर्चा कौन उठाएगा.
मी एकेक सांगत गेलो, तो एकेक ठोकत गेला.
"लौटने की तारीख?"
जुईनं माझ्याकडे पाहिलं.
मी तिकिटाची प्रत काढली, उलटी करून पाहिली.
मागे कोरं होतं.
रामनिवास जरा थांबला, मग तिथे टिंबं दिली,
अख्खी ओळ भरून टिंबं.
"हाथ से भर देना," म्हणाला, "जब पता चले."

"बाबा, हरकत म्हणजे?"
म्हणजे कुणी काही करत असलं
आणि आपल्याला ते नको असलं, तर ती हरकत.
"मग तुला नको नाहीये?"
दोन नकारांचं गणित तिला शाळेत अजून यायचंय.
मी म्हणालो, कागदावर सांडू नको.

नोटरी कुशवाहा बारापर्यंतच भेटतात.
रजिस्टरात आकडा घातला, तिकीट चिकटवलं,
चष्म्यावरून विचारलं, "किसी दबाव में तो नहीं कर रहे?"
हे ते सगळ्यांनाच विचारतात,
घर विकणाऱ्यांना, नाव बदलणाऱ्यांना.
नाही, मी म्हणालो.
"सही?"
त्यांच्या भाषेत ते विचारत होते, बरोबर ना?
मी माझ्या भाषेत ऐकलं, आणि केली.

किती दिवस चालेल हे?
"ताज़ा माँगते हैं वहाँ. पुराना हुआ तो फिर आइएगा."
मला माहीत नव्हतं
संमतीसुद्धा शिळी होते.

शिक्का ओला होता तेवढ्यात
जुईच्या बोटावरचा तीळ पडला त्यावर,
एकच, आणि बसला.
कुशवाहांनी फुंकर मारली. मी नख लावणार होतो,
शाई फिसकटली असती.
"रहने दीजिए."

तीन झेरॉक्स काढल्या.
तिन्हींत एक टिंब जास्त आलंय,
ओळीतल्या टिंबांपासून थोडं दूर.
मूळ कागद तिच्या दप्तरात, प्लास्टिकच्या पिशवीत.
कुठल्यातरी काउंटरवर काचेमागचा माणूस
तो उजेडात धरेल, अंगठ्यानं चाचपेल,
विचारेल, हे काय आहे इथे?
जुई सांगेल काहीतरी.
तिचं इंग्रजी माझ्याहून बरं आहे.