सही जुळत नाही

फाइलचा क्रमांक लिहिण्याआधी मी नाव लिहितो,
ही माझी खोड. साहेबांना आवडत नाही.
वाल्देमीरा किन्तास. वय एकसष्ट.
राहणार पोर्तो, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
फरश्या रंगवते. निळ्या.

मापुतोहून लिस्बनला येणारं विमान,
बाहेर रात्र, खाली न दिसणारं वाळवंट.
शेजारून उठलेल्या कुणीतरी
डोक्यावरचा कप्पा उघडला. त्याला स्वेटर हवा होता.
पेटी आली.
उजव्या मनगटावर.

आता कायदा विचारतो,
म्हणजे मलाच विचारावं लागतं,
जे घडलं ते अनपेक्षित होतं का?
शरीराच्या बाहेरून आलं का?
की हाड आधीच ठिसूळ होतं, बाई,
आणि पेटीचं नुसतं निमित्त झालं?

फोनवर ती म्हणाली,
बाहेरूनच आली हो. मी काय पेटी गिळून बसले होते?

मग कुठे कुठे लागलं, हा रकाना.
मनगटाची दोन हाडं. अंगठ्याची शीर.
खाली तिने आणखी एक ओळ लिहिली आहे,
'जिन्यात कुणी माझ्या वरच्या पायरीवर असलं
की मी भिंतीला चिकटून उभी राहते.'
ती ओळ मी पेन्सिलीने आडवी खोडली.
करारात देह आहे.
मनाला लागलेलं लागू होत नाही.

भरपाई ज्या चलनात मोजतात
त्याची नोट कुणी कधी पाहिलेली नाही.
तिच्यावर राजा नाही, जहाज नाही,
घडी पडून फाटलेला कोपरा नाही.
पाच चलनांची एक कागदी पुरचुंडी,
तिचा भाव बदलत राहतो
आणि एका मनगटाची किंमत चार पैसे वर-खाली होते,
मनगटाने काहीही न करता.

स्वेटरवाल्याचं नाव फाइलमध्ये नाही.
तो म्हणे रडला,
आणि तोच स्वेटर तिच्या हाताला गुंडाळून दिला.
अजून तिच्याकडेच आहे. धुऊन ठेवलाय.
परत द्यायचा तर कुठे, हे तिने मला दोनदा विचारलं.
त्यासाठी रकाना नाही.

दोन वर्षं झाली की हक्क विझतो,
फुंकरही मारावी लागत नाही.
चार दिवस उरले होते तेव्हा
वरच्या मजल्यावरून अर्ज परत आला,
पिवळी चिठ्ठी, तीन शब्द.
सही जुळत नाही.

मी पासपोर्टची प्रत काढली.
तिथली सही एका दमात ओढलेली,
शेवटी कुंचला उचलताना राहतो तसा बारीक फराटा.
अर्जावरची डाव्या हाताची असावी,
किंवा उजव्यात जे उरलंय त्याची.
अक्षरं सुटी सुटी, रस्ता ओलांडायला
घाबरून उभ्या राहिलेल्या पोरांसारखी.

एकोणीस वर्षांत इतका चोख पुरावा
माझ्या टेबलावर आला नव्हता.
दोन्ही सह्या एका कागदावर चिकटवल्या,
खाली तारखा,
मध्ये बोटभर जागा कोरी ठेवली.
पेटीसाठी.

शिक्का मारला. मग रबर घेऊन
पेन्सिलीची ती आडवी रेघ पुसली.
ओळ पुन्हा वाचता येऊ लागली, जराशी मळकी.
वर कुणी विचारलंच, तर सांगेन,
अपघात झाला.
अनपेक्षित होता, साहेब,
आणि बाहेरून आला.