सोळा गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा, गुण सोळा:
माध्यम-विश्लेषणाची पद्धत म्हणून
चिन्हमीमांसेचे मूल्यमापन करा.
मीच काढलेला.

जालन्यातला मे. पंखा गठ्ठ्यातली पानं उलटतो,
मी ती परत उलटतो.
अडतीस जणांनी माझेच शब्द मला परत केलेत,
चिन्हक, चिन्हित, वाच्यार्थ, व्यंग्यार्थ,
आणि एका तासाला मी घाईत सांगितलेली चूक,
तीही जशीच्या तशी.

एकोणचाळिसावी उत्तरपत्रिका गिचमिड, पुरवण्या दोन.

'सर, तुम्ही बियाण्याचं पाकीट दाखवलं होतं.
वाघ म्हणजे जोम, म्हणालात,
मागचं लाल आभाळ म्हणजे संकटावर चालून जाणं.
आम्ही लिहून घेतलं.
दुपारी मी त्याच छापखान्यात पाकिटं मोजते.
आभाळ निळं ठरलं होतं. निळी शाई संपली,
गाडी दाराशी उभी.
मुजीबभाई म्हणाले, लालच चालव.
आता त्या लालला काय म्हणायचं?

माझे वडील नव्या मोंढ्यात हमाल. अक्षर येत नाही.
विचारलं, वाघ म्हणजे काय ओ.
म्हणले, वाघ व्हय? तिसरा गाळा, खाली तळघर,
अकरा पायऱ्या.
पतंग छाप वरच्या वर. पतंग बरा.
हे नोट्समध्ये नाही.

ही पद्धत चित्राला विचारते.
छापणाऱ्याला विचारत नाही,
उचलणाऱ्याला तर नाहीच.
वर्गात बसून कुणीही कशालाही काहीही म्हणावं
अन् ज्याचा आवाज मोठा, त्याचा अर्थ खरा.

तरी एक आहे, सर.
आधी मला पाकिटावर वाघ दिसायचा.
आता कुणीतरी ठेवलेला वाघ दिसतो.
बैल ठेवला नाही. बाई ठेवली नाही.
हे न ठेवलेलं मला दिसायला लागलं
ते तुमच्याच तासाला.
म्हणून पद्धत बाद करू नये.
पण एकटी पाठवू नये कुठं,
सोबत कुणीतरी द्यावं'

पूर्णविराम नाही. घंटा झाली असावी.

आदर्श उत्तराचा तक्ता शेजारी:
व्याख्या दोन, उदाहरण चार, मर्यादा चार...
मुजीबभाईंना त्यात रकाना नाही.
बारा लिहिले. खोडले. तेरा.
खोडलं की शेजारी सही करावी लागते,
केली.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गेलो, उगाच.
तिसरा गाळा. पायऱ्या मोजल्या.
बारा भरल्या.
शेवटची अर्धी तुटलेली, ती ते धरत नसावेत,
किंवा ओझं असताना मोजणं वेगळं असेल,
किंवा...
मी तिथंच वहीत टिपून घेत होतो.
मागून कुणीतरी आलं,
पाठीवर वाघ, एकावर एक दोन.
म्हणालं, सरका, साहेब.