ठिगळ

लाकूड नासपतीचं, दोन हिवाळे माळ्यावर वाळलेलं.
ओल्या लाकडात कोरलेला पाद्री, फाइट म्हणायचा,
छापायच्या आतच वाकतो;
वाकवायचाच तर तो आपल्या पटाशीनं वाकवावा.

सगळं उलटं कोरायचं.
कागदावर आशीर्वादाला उजवा हात उठावा
म्हणून लाकडात डावा उचलायचा.
मुंडलेला गोल टाळू, खाली तीन हनुवट्या,
झग्याच्या घोळातून डोकावणारं कोल्ह्याचं शेपूट,
कोपऱ्यात दशमांशात आलेली मधमाश्यांची टोपली,
आणि समोर सात बदकं,
चोचींत जपमाळा धरून, माना वर करून,
आपण कुणाच्या पोटात जाणार ते भक्तिभावानं ऐकत.

रात्री दार लावून छापायचो.
आउग्सबुर्गात तेव्हा भिंतींनाही नगरसभेचा पगार होता.
फाइट शाई थापायचा, थोरली कागद उचलायची,
रंग माझ्याकडे:
शेपटाला गेरू, गालांना शेंदूर,
नाकाला शेंदराचा आणखी एक टिपका.
आठवड्यात चारशे पाद्री.
पहाटे कापडवाला योब्स्ट लोकरीच्या गठ्ठ्यात खुपसून न्यायचा,
दोन फेनिगला एक.
ज्यांना वाचता यायचं नाही, ते सगळ्यांत आधी हसायचे.

एका प्रतीचे गाल मी कोरेच ठेवले.
का, ते फाइटला सांगितलं नाही.

माझा भाऊ लेओनहार्ट वेशीबाहेरच्या मठात होता.
काटकुळा. सदा खोकणारा. मधमाश्या सांभाळायचा.
प्लेगच्या साली आमच्या दारावर फुली पडली
आणि सख्खे शेजारी रस्ता बदलून जाऊ लागले,
तेव्हा पायरीवर रोज एक पाव असायचा,
त्याला मेणाचा वास.

एका संध्याकाळी तो दारात उभा.
बाहीतून घडी घातलेला कागद काढला.
माझा शेंदूर मी लांबूनच ओळखला,
तोंडचं पाणी पळालं.

"पोट कमी पडलंय," म्हणाला.
"आमचे मठाधीश बघितले नाहीत वाटतं तुम्ही.
आणि ही टोपली उलटी काढलीय.
तोंड वर ठेवलं तर पावसात बुडून मरतील बिचाऱ्या."
हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला.
जाताना हळूच विचारलं, "किती खपले?"

मग वारं फिरलं.
मठाधीश चांदीच्या समया घेऊन रातोरात बव्हेरियाकडे,
लेओनहार्ट तीन टोपल्या घेऊन आमच्या परसात.
जुन्या पाद्र्यावर आता कोण पैसे घालणार?
योब्स्ट खेडी पालथी घालून आला नि म्हणाला,
नव्या मताच्या प्रवचनकाराचंही लोकांना अजीर्ण झालंय.
तोही तीन तास बोलतो.
त्याचंही धुराडं सगळ्या गल्लीच्या आधी पेटतं.

फाइटनं मुंडलेल्या टाळूच्या जागी गोल भोक पाडलं,
लाकडाचं ठिगळ सरस लावून ठोकलं,
त्यावर नव्याची काळी टोपी कोरली.
बाकी कुठं पटाशी लावावी लागली नाही.
हनुवट्या तिन्ही चालल्या. शेपूट चाललं.
बदकांना तर कुणी विचारलंच नाही.

गाल पुन्हा मीच रंगवले.

दोनशेव्या प्रतीला सरस सुटला.
ठिगळाभोवती केसाएवढी फट पडली,
शाई तिथं पोचेना,
आणि कागदावर त्या टोपीभोवती उमटलं
एक बारीक पांढरं कडं,
चर्चच्या भिंतीवर संतांच्या डोक्यामागं असतं तसं.
फाइट शिव्या देत मेण भरायला बसला.
योब्स्ट म्हणाला, राहू दे,
लोकांना वाटेल, मुद्दाम केलंय.

लेओनहार्टनं एक ओली प्रत उचलली,
चुलीच्या उजेडात नेली,
कितीतरी वेळ बघत राहिला.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"टोपली," म्हणाला,
"अजून उलटीच."